कुर्ल्याच्या सोसायटीसाठी घेतलेला २०५० चा हवामान धोका रिपोर्ट: पैसे वसूल की पैसे पाण्यात?

तीन स्टार. एवढी कटकट करून तीन कशाला असं कुणी विचारेल, तर त्यातले दोन एका फोन कॉलचे आहेत, रिपोर्टचा खरं म्हणजे एकच. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण असले रिपोर्ट विकणारे आता बरेच झालेत आणि आतला माल बऱ्यापैकी सारखाच, जगभरातल्या क्लायमेट मॉडेल्सचा (म्हणजे पृथ्वीचं हवामान कॉम्प्युटरवर गणिताने चालवून बघणारे प्रोग्राम) डेटा जो कुणालाही फुकट डाऊनलोड करता येतो, वर आपापले रंग आणि आपापला लोगो. त्यामुळे तुम्ही कुणाकडूनही घ्या, खाली लिहिलंय ते लागू पडेलच.

आमची सोसायटी कुर्ला पूर्वेला, नेहरूनगरच्या बाजूला, जुनी म्हाडाची बिल्डिंग, रिडेव्हलपमेंटला गेलेली. मी खजिनदार आहे, म्हणजे व्हाऊचरवर सही माझी आणि एसजीएममध्ये, म्हणजे विशेष सर्वसाधारण सभेत, शिव्यापण मलाच. नवीन बिल्डिंगमध्ये मीटर रूम कुठे घ्यायची, पंप रूम खाली की वर, लिफ्टचा खड्डा किती खोल, यावरून आर्किटेक्ट आणि कमिटीत दोन महिने वाद चालला होता. आर्किटेक्टचं म्हणणं तळमजल्यालाच सगळं ठेवूया, बाहेरचा रस्ता आता उंच झालाय. आमचं म्हणणं रस्ता उंच झालाय म्हणूनच तर पाणी आत येतं ना बाबा. मग कुणीतरी म्हणालं की हल्ली २०५० पर्यंतचा क्लायमेट रिस्क रिपोर्ट मिळतो, बिल्डिंगच्या पत्त्यावर काढून देतात, तो घेऊया म्हणजे वादच मिटला. अठरा हजार अधिक जीएसटी, एकवीस हजार दोनशे चाळीस. दहा दिवसांत देतो म्हणाले, आला सव्वीस दिवसांनी. असो.

पीडीएफ ६४ पानांची. पहिल्या पानावर गोल मीटर, हिरव्यापासून लालपर्यंत, त्यात काटा आणि खाली मोठ्या अक्षरात पूर धोका ६.८. त्याखाली लिहिलेलं की २०५० पर्यंत कुठल्याही एका वर्षात तुमच्या इमारतीच्या तळमजल्यात पाणी शिरण्याची शक्यता ३७.४२ टक्के. हे पॉइंट बेचाळीस बघून कमिटीतले दोघंतिघं एकदम इम्प्रेस झाले, बघा किती बारीक काढलंय. माझं आयुष्य अकाउंट्समध्ये गेलंय, मला उलट पॉइंट बेचाळीस बघितलं की आधी संशय येतो, कारण ज्याला रुपयाचा हिशोब लागत नाही तोच पैशापर्यंत आकडा लिहितो.

आणि पुढच्या पानांवर तर करमणूकच. हिमवर्षावाचा भार: नगण्य. वणवा: कमी. कुर्ल्यात. टर्मिनसच्या गाड्यांचा धूर सोडला तर इथे कसला वणवा. म्हणजे साचा परदेशी, त्यात पत्ता आपला घातलेला. एक अख्खं पान होतं ब्लॉकिंगवर, म्हणजे वातावरणात जास्त दाबाचा एक गठ्ठा एका जागी ठाण मांडून बसतो आणि खालचं हवामान आठवडा आठवडा हलत नाही, युरोपात त्याने उष्णतेच्या लाटा येतात वगैरे. वाचायला छान होतं, पण नेहरूनगरशी त्याचा संबंध काय हे कुठेच लिहिलेलं नाही. (संबंध अगदीच नसतो असं नाही हे मला नंतर कळलं, २०१० ला रशियावर असाच गठ्ठा अडकून बसला होता, तिकडे माणसं उष्णतेने मेली आणि त्याच सुमाराला त्याच वाऱ्यांच्या लाटेच्या दुसऱ्या टोकाला पाकिस्तानात महापूर आला. पण हे रिपोर्टने सांगायला हवं होतं ना.)

मग मी खाली पिन बघितली. नकाशावरची आमची पिन रेल्वेच्या पलीकडे, कुर्ला पश्चिमेला पडलेली. ईमेल टाकला, दोन दिवसांत सुधारून नवीन पीडीएफ आली, स्कोअर ६.८ चा ७.१ झालेला. मी दोन्ही पीडीएफ शेजारी शेजारी उघडून पानं ताडून बघितली, सवयच आहे ती. पावसाची पानं अक्षर न् अक्षर तीच, वाऱ्याची तीच, तापमानाची तीच, बदललं फक्त जमिनीच्या उंचीचं एक पान. वर कहर म्हणजे आमच्या ए विंगला ७.१ आणि बी विंगला ६.६, एकाच कंपाऊंडमध्ये, मध्ये फक्त तुळशीवृंदावन आणि दोन स्कूटर. बी विंगवाले लगेच म्हणायला लागले की मग पंप रूम ए विंगच्या पैशाने उचला. यालाच म्हणतात विकतचं दुखणं.

तेव्हा मी भांडायला फोन लावला. सेल्सवाल्याने अर्धा तास तेच तेच ऐकवलं, मॅडम बारा ग्लोबल मॉडेल्सचं अ‍ॅव्हरेज आहे, मॅडम इंटरनॅशनल स्टँडर्ड आहे. मी विचारलं की तुमच्या बारापैकी एकाने तरी २६ जुलै २००५ चा पाऊस दाखवला का? तो गप्प. म्हणाला टेक्निकल टीमशी बोलणं करून देतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका मुलीचा फोन आला, आवाजावरून सव्वीस-सत्तावीसची असेल, मराठी, आणि त्या मुलीने पंचेचाळीस मिनिटांत मला जे समजावलं ते ६४ पानांत कुठेच नव्हतं. तिचं नाव लिहीत नाही, उगाच तिची नोकरी जायची.

२६ जुलै २००५ चं आमच्या लोकांना सांगायला लागत नाही पण तरी सांगते. मी तेव्हा फोर्टात कामाला. आमच्याकडे पाऊस होता, नाही असं नाही, पण आपला नेहमीचा, चारला चहा पिऊन निघाले, सीएसटीला कळलं गाड्या बंद. दादरपर्यंत कशीतरी पोचले, तिथून चालत सायन आणि सायनच्या पुढे पाणी छातीला. घरी पोचायला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला पाऊस ९४४ मिमी आणि कुलाब्याला ७३. दोन वेधशाळांमध्ये अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर. हे आकडे मी तिला म्हणून दाखवले, म्हटलं याचं काय?

ती म्हणाली ताई, हाच तर मुद्दा आहे, मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडून हिशोब करतं, आणि आमच्या बहुतेक ग्लोबल मॉडेल्सचा एक चौकोन शंभर किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे कुलाबा, सांताक्रूझ, तुमचं कुर्ला, अलिबाग, भिवंडी, कर्जत आणि वर अर्धा अरबी समुद्र, सगळं एकाच चौकोनात, आणि त्या सगळ्याला मिळून पावसाचा आकडा एक. ९४४ आणि ७३ त्या चौकोनात वेगळे राहूच शकत नाहीत. शिवाय चौकोनात जमिनीची उंचीही एकच, त्यामुळे सह्याद्री त्यात सह्याद्री राहत नाही, चेपून बुटका पसरट उतार होतो. आता आपला पाऊस तर सगळा त्या कड्याला आपटून पडतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या वर आणि घाट उतरून तीसेक किलोमीटरवर वाईला त्याच्या पाव हिस्सासुद्धा नाही. मॉडेलचा घाटच चेपलेला, त्यामुळे तिथे पाऊस दोन्हीकडे लिंपल्यासारखा पसरतो.

दुसरी गोष्ट तिने सांगितली ती मला जास्त आवडली कारण ती कुणीच सांगत नाही. मी २६ जुलै दाखव म्हणत होते, ती म्हणाली मॉडेलच्या २००५ मध्ये २६ जुलैला कडक ऊन असू शकतं. मला वाटलं मस्करी करतेय. पण तसं नाही, क्लायमेट मॉडेल १८५० पासून सोडतात, हवेतला कार्बन, धूर, सूर्य, ज्वालामुखी हे खऱ्यासारखं देतात आणि पुढे ते आपलं आपण चालतं. त्याचं २००५ म्हणजे आपलं २००५ नव्हे, त्याच्या तारखा आपल्या तारखांशी जुळायच्याच नसतात. जुळायला हवा तो स्वभाव, म्हणजे तीस वर्षांत असे दिवस किती वेळा येतात, कुठल्या महिन्यात येतात, आले तर आधी वारे कुठून वाहतात, दाब कुठे कमी असतो. रोजचा अंदाज देणारी मॉडेल्स वेगळी, ती आजच्या हवेपासून सुरू होतात आणि आठ-दहा दिवसांत थकतात. लोक या दोन्ही गोष्टी एकात एक करतात, आमच्या चेअरमन साहेबांनी पण केलं, म्हणाले की २०२५ ला तर भारताचं सहा किलोमीटरचं मॉडेल आलं ना, मग हे शंभर किलोमीटरचं का वापरतात? आलं ना, भारत फोरकास्ट सिस्टीम, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेली, आणि गंमत म्हणजे तिचं उद्घाटन २६ मे २०२५ ला झालं, त्याच दिवशी मुंबईत मान्सून सोळा दिवस आधी येऊन धडकला आणि आचार्य अत्रे चौकाच्या मेट्रो स्टेशनात पाणी शिरलं. पण ती रोजच्या अंदाजासाठी. त्याच बारीक चौकोनाने शंभर वर्षं चालवायची, तीसुद्धा पंचवीस-तीस वेळा, म्हणजे कॉम्प्युटरचा दम निघेल. चौकोनाची बाजू निम्मी केली की काम दुप्पट नाही, आठपटीच्या आसपास वाढतं.

मग मी म्हटलं, म्हणजे तुमचा माल सगळा बोगस? ती म्हणाली नाही, आणि इथून पुढचं मी वहीत लिहून घेतलं.

तिचं म्हणणं असं की यात दोन हिशोब आहेत, एक वाफेचा आणि एक वाऱ्याचा. वाफेचा हिशोब मॉडेल्सना पक्का जमतो. हवा एक अंशाने तापली की साधारण सात टक्के जास्त वाफ धरते, हे शाळेतलं फिजिक्स आहे, त्यात कुणाचं दुमत नाही, आणि आयपीसीसी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची हवामानबदलावरची समिती, तिच्या २०२१ च्या रिपोर्टातही तेच आहे की जग एक अंश तापलं की दिवसातला अतिमुसळधार पाऊस सात टक्क्यांच्या आसपास जास्त जोराचा होतो. समुद्र किती वर येईल, दमट उकाडा किती वाढेल, हेही याच जातीतलं, त्यावर ती छातीठोक बोलत होती. वाऱ्याचा हिशोब मात्र कच्चा. ती वाफ कुठल्या दिवशी, कुठल्या दिशेने, कुठे येऊन थांबेल हे वारे आणि दाबाचे पट्टे ठरवतात, आणि टोकाचं हवामान म्हणजे नव्वद टक्के वेळा वाफ असते म्हणून नाही तर वारे अडकले म्हणून. (नव्वद हा तिचा बोलण्यातला आकडा, कुणी पकडू नका.)

उदाहरण तिने २६ जुलैचंच दिलं. त्या दिवशी एक नाही, तीन गोष्टी जमल्या होत्या. बंगालच्या उपसागरातून निघालेलं कमी दाबाचं क्षेत्र मध्य भारतावर आलेलं, त्याने अरबी समुद्रावरचे पश्चिमेचे वारे खेचून जोरात आणलेले. दुसरं, आपल्या किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा, बातम्यांत ज्याला द्रोणीय स्थिती म्हणतात तो. आणि तिसरं, त्या पट्ट्यात मुंबईच्या उत्तरेच्या भागावर एक छोटासा भोवरा, ज्याच्यात ढग एकाच जागी पुन्हा पुन्हा उभे राहिले. आता मॉडेलचे मार्क काढायचे तर पहिलं क्षेत्र शेकडो किलोमीटरचं असतं, ते बऱ्याच मॉडेल्सना बऱ्यापैकी काढता येतं, जरी त्यांचा मार्ग आणि संख्या प्रत्येकात थोडी इकडेतिकडे. दुसरा किनाऱ्याचा पट्टा काढतात पण मिळमिळीत. आणि तिसरा भोवरा शंभर किलोमीटरच्या चौकोनात मावतच नाही, चौकोनापेक्षा लहान वस्तू चौकोनाला दिसणार कशी. तो ढग मॉडेलमध्ये उभा राहत नाही, त्याच्याऐवजी एक सूत्र ठेवलेलं असतं की एवढी वाफ, एवढी उष्णता असली की एवढा पाऊस पाडा. त्या सूत्रामुळे होतं काय की मॉडेलमध्ये पाऊस रोज थोडा थोडा पडत राहतो, भुरभुर भुरभुर, आणि आपल्यासारखं तीन दिवस कोरडे घालवून चौथ्या दिवशी आभाळ फाटलं असं फारसं होत नाही. महिन्याची बेरीज जुळते आणि दिवस जुळत नाहीत. हे ऐकल्यावर मला आमच्या ऑफिसातला एक क्लार्क आठवला, महिन्याअखेर पेटी कॅश बरोबर टॅली व्हायची त्याची, पण रोजच्या नोंदी बघायला गेलं तर सगळ्या एकाच पेनाने, एकाच दिवशी लिहिलेल्या.

बायस करेक्शन नावाचा एक शब्द रिपोर्टात एकवीस वेळा आलाय (मोजले). मी विचारलं ते काय असतं. मॉडेलचा पाऊस सांताक्रूझच्या जुन्या नोंदींपेक्षा कमी-जास्त येतो म्हणून तो ताणून किंवा दाबून नोंदींच्या मापात बसवतात. म्हणजे तयार ब्लाऊज आणला, खांद्यात ढगळ, मग शिंप्याकडून दोन टिपा मारून घेतल्या. चालतं की, सगळ्याच करतो आपण. पण मुळात कापलाच दुसरीच्या मापाने असेल तर टिपा मारून छाती जुळेल, हात वर केला की काखेत ओढणारच. मॉडेलमध्ये पाऊस चुकीच्या वाऱ्याने येत असेल तर करेक्शन आकडा जुळवतं, कारण जुळवत नाही. आणि २०५० ला तो वारा कसा बदलेल हे त्या टिपांना कुठून कळणार. ही ब्लाऊजची उपमा माझी, तिची नाही, पण ती हसली आणि म्हणाली ताई मी हे आमच्या मीटिंगमध्ये वापरते.

मग तिने मला पान ५२ उघडायला सांगितलं. परिशिष्ट ब. फिक्या राखाडी रंगात, मोबाईलवर तर दिसतही नाही, बारा मॉडेल्सच्या बारा रेषा, जुलैचा पाऊस आजपासून २०६० पर्यंत. बहुतेक रेषा वर जातायत, पण काही एकदम झपकन वर, काही जेमतेम, दोन सरळ आडव्या आणि एक चक्क खाली. पहिल्या पानावरचा काटा म्हणजे या बारांची सरासरी. मी म्हटलं अगं हे पान पहिलं पाहिजे ना! ती काही बोलली नाही. ती एक रेषा खाली का जाते ते मी विचारलं, तर म्हणे त्या मॉडेलमध्ये मुळातच मान्सूनचा पट्टा दक्षिणेला सरकलेला आहे, पाऊस जमिनीऐवजी विषुववृत्ताजवळ समुद्रावर जास्त पाडतं. आणि हा एकट्याचा दोष नाही, मध्य भारतावर कोरडं आणि हिंदी महासागरावर ओलं हा कित्येक मॉडेल्सचा जुना आजार आहे, ताज्या पिढीत, म्हणजे जगभरातली मॉडेल्स एकत्र ताडून बघणाऱ्या सीएमआयपी ६ या प्रकल्पात, कमी झालाय पण गेलेला नाही. तर मग अशाला सरासरीत घेताच कशाला? त्यावर तिचं उत्तर प्रामाणिक होतं, काढून टाकलं तर क्लायंट म्हणतात तुम्ही पाहिजे ती निवडली. बारा घरच्या आमट्या एका पातेल्यात ओतल्या की जी चव येते ती कुणाच्याच घरची नसते, एवढंच मी म्हणेन. आपल्या आयआयटीएमचं मॉडेल, जे सीएमआयपी ६ मध्ये भारताकडून गेलेलं पहिलंच, ते या बारात नव्हतंच. का नाही यावर ती म्हणाली कळवते, ते अजून कळवायचंय.

तापमानाच्या भागावर मला वाटलं होतं काही बोलायलाच नको, ऊन वाढणार यात काय चुकणार. पण तिथेही वाऱ्याने खोड काढलेली आहे. पश्चिम युरोपात उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले दिवस गेल्या काही दशकांत इतक्या झपाट्याने आणखी तापले की मॉडेल्स मागे पडली, आणि २०२३ ला त्यावर अभ्यास आला की त्यातला बराच हिस्सा वाऱ्यांची मांडणी बदलल्यामुळे आहे, दक्षिणेकडची गरम हवा वर जास्त वेळा जाते, आणि ही मांडणी इतकी बदललेली मॉडेल्समध्ये दिसत नाही. म्हणजे चूक दर वेळेला घाबरवण्याच्या बाजूला असते असं नाही, कमी सांगण्याच्या बाजूलाही असते. आमच्या कमिटीतल्या एका गृहस्थांनी मॉडेल चुकतं एवढंच ऐकून हे सगळं थोतांड आहे असा निष्कर्ष काढला, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितेय. चुकतं म्हणजे धोका कमी असं कुणी सांगितलं तुम्हाला?

उलट आपल्याकडचं बघा. आयआयटीएमचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा पेपर आहे, १९५० ते २०१५ मध्ये मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, आणि कारण काय, तर अरबी समुद्रावरच्या पश्चिमी वाऱ्यांची चंचलता वाढली, मधूनच वाफेचे लोंढे येतात. ही मोजलेली गोष्ट आहे, मॉडेलची नाही. तिने हा पेपर मला फोनवर सांगितला, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, आणि ६४ पानांत त्याचं नाव नाही! हिमवर्षावाला जागा आहे.

चक्रीवादळाचं पान पण असंच. २०२० ला निसर्ग रायगडवर आलं, २०२१ ला तौक्ते आपल्या अंगावरून गेलं, आमच्या गल्लीत गुलमोहोर आडवा झाला होता रिक्षावर. अरबी समुद्र तापतोय हे सगळ्यांनाच कळलंय. रिपोर्ट म्हणतो वादळाचा धोका ४.१. वादळाचा डोळा वीस-पन्नास किलोमीटरचा, शंभरच्या चौकोनात त्याचं काय होणार ते वर आलंच आहे. पाणी किती तापेल याचा भाग ठीक, वादळ मुंबईकडे वळेल की ओमानकडे हा भाग वरच्या वाऱ्यांचा, तिथे ४.१ काय आणि ५.३ काय.

मी शेवटी तिला सरळ विचारलं, बाई गं, आम्ही मीटर रूम किती उंचीवर घेऊ? ती म्हणाली, ताई, तुमच्याकडे २००५ च्या पाण्याची खूण आहे का कुठे?

आहे ना. आमच्या तळमजल्यावरच्या काकांनी जिन्याखालच्या जुन्या मीटरच्या पेटीच्या लाकडी दारावर त्या रात्री पेन्सिलने रेघ मारून ठेवलीय, शेजारी २६/७/०५ आणि वेळ रात्री ११.३०. मध्ये दोनदा रंगकाम झालं, दोन्ही वेळा काकांनी रंगाऱ्याला ती पट्टी सोडायला लावली, त्यामुळे तेवढा चौकोन जुना पोपटी आणि बाकी दार क्रीम. मी टेप लावून मोजलं, फरशीपासून चार फूट सात इंच. खाली अजून एक बारकी रेघ आहे, २९ ऑगस्ट २०१७ ची, एक फूट दोन इंच. ती म्हणाली ही रेघ हा तुमचा सगळ्यात चांगला डेटा, याच्यात भोवराही आला, भरतीही आली, तुंबलेला नालाही आला, मिठी नदीही आली. त्याच्यावर वाफेचा वाढावा धरा, म्हणजे पाऊस दहा-पंधरा टक्के जास्त जोराचा धरून चाला, आणि पाणी त्याच प्रमाणात चढत नाही म्हणून वर थोडी उशी ठेवा. आणि गटाराचं विसरू नका, महापालिकेचे नवीन नाले तासाला ५० मिमीच्या हिशोबाने, जुने तर २५ च्या, त्यामुळे तासाचा पाऊस बघा, दिवसाचा नाही. तासाचा पाऊस रिपोर्टात आहे का? नाही, कारण ज्या फाईल्स वापरल्या त्यात दिवसाचाच असतो.

आर्किटेक्टला आम्ही ती रेघ दाखवली. माणूस गुडघ्यावर बसून फोटो काढत होता. ३७.४२ टक्क्यांनी जो हलला नाही तो पेन्सिलने हलला. मीटर रूम आता पोडियमच्या लेव्हलला, पंप रूम खालीच पण पॅनल सात फुटांवर, लिफ्ट पाणी आल्यावर आपोआप वरच्या मजल्यावर जाऊन थांबेल अशी. काकांनी ते दार आपल्याला नवीन बिल्डिंगमध्ये हवंय असं लेखी दिलंय, ते मिनिट्समध्ये घेतलं.

तर पैसे वसूल का? रिपोर्टचे नाही. उकाडा आणि समुद्राची पातळी ही आठ-दहा पानं नीट आहेत, तेवढी वेगळी विकली तर मी घेईन. स्कोअरचं पान फाडून टाका. कुणाला घ्यायचाच असेल तर पैसे भरायच्या आधी टेक्निकल माणसाशी कॉल मिळेल असं लेखी घ्या, मॉडेल्सची नावं मागा, सगळ्या रेषांचा ग्राफ पुढे मागा, आणि दोन वेगवेगळ्या पिन टाकून पावसाची पानं बदलतात का ते बघा, बदलली नाहीत तर समजा की बिल्डिंगच्या पत्त्यावर काढलेलं म्हणून जे सांगतात ते फक्त जमिनीच्या उंचीपुरतं. सपोर्टवाले उत्तर देतात, हळू देतात. बिल मात्र दुसऱ्या मिनिटाला येतं आणि त्यात आमच्या सोसायटीचं नाव चुकलेलं होतं, ऑडिटरने परत पाठवलं, ते सुधारून घ्यायला तीन ईमेल.

मागच्या आठवड्यात रिन्यूअलचा मेल आला. वर्षाला नऊ हजार, तुमचा स्कोअर अपडेट झाला आहे, बघण्यासाठी क्लिक करा. मी विचारलं मॉडेल्स बदलली का, तर उत्तर आलं नाही मॅडम, डॅशबोर्ड नवीन आहे.